आकडा आठवत नाही

‘ते पुके’ नावाच्या परदेशी गावात, किवीच्या शेडमध्ये आकोसिता सात महिने उभी राहिली. पट्ट्यावरून फळं यायची. चांगलं फळ पुढे जाऊ द्यायचं, डागाळलेलं उचलून बाजूच्या डब्यात टाकायचं. दिवसाला किती हजार किवी डोळ्यांखालून जात असतील, देव जाणे. तिकडचा हिवाळा जून-जुलैत, आणि थंडी अशी पडायची, की सकाळचा चहा होईपर्यंत बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. कोलोवाई या बेटावरच्या गावातून हंगामी कामाला आलेल्या त्या सहाजणी एकाच घरात राहायच्या, एकाच मोठ्या पातेल्यात रांधायच्या आणि रविवारी चर्चहून आल्या की घरी काय न्यायचं याच्या गप्पा मारायच्या. कुणाला पाण्याची टाकी हवी होती, कुणाला नवऱ्यासाठी झाडं कापायचं यंत्र. लिनेती फ्रीजवर अडून बसली होती.

आकोसिताचं आल्या दिवसापासून ठरलेलं होतं. लॅपटॉप.

देवाने तिला एकच मूल दिलं होतं, सियाले. पोरगी विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला होती, शिक्षिका व्हायचं म्हणत होती. अभ्यास बराचसा घरूनच करायचा. मोठमोठे निबंध लिहून पाठवायचे, आणि ते सगळं ती तडा गेलेल्या फोनवर अंगठ्याने लिहायची. अर्धं वाक्य दिसायचं, अर्धं अंदाजाने. बेटाच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या दुकानात लॅपटॉपची किंमत विचारून मायलेकी एकदा परत आल्या होत्या आणि बसमध्ये एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. तोच लॅपटॉप इथे जवळच्या शहरात, तौरंगाला जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतो, हे लिनेतीच्या भाच्याने सांगितलं तेव्हा आकोसिताने त्याच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं.

सप्टेंबरात परतायच्या आदल्या शनिवारी ती आणि लिनेती तौरंगाला गेल्या. दुकानातली मुलगी गोड होती. तिने तिथल्या तिथे लॅपटॉप सुरू करून दिला.

"नाव काय घालू?"

"सियाले."

"आणि चार आकडे सांगा, उघडण्यासाठी. तुम्ही कधी विसरणार नाही असे."

आकोसिताचा हात आपोआप छातीकडे गेला. तिथे सात महिने शेडचा बिल्ला लटकत होता. दोन, सात, एक, सहा. मुकादम तिला नावाने नाही, याच आकड्याने हाक मारायचा.

"झालं," मुलगी म्हणाली. "आता हा आकडा सांगितल्याशिवाय कुणाला उघडता यायचा नाही."

विमानतळावर सामान जास्त भरलं. लिनेती म्हणाली, "लॅपटॉप पेटीत घाल, पांघरूण हातात घे." आकोसिताने ते नवं कोरं जाड पांघरूण काढून तिथल्या झाडूवाल्या बाईला देऊन टाकलं आणि लॅपटॉपचा डबा मांडीवर घेऊन घरापर्यंत आली. इकडे फुआअमोतूच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने बिल पाहिलं, डबा पाहिला, मग तिची बोटं पाहिली.

"शिकणारं कोण आहे घरात?"

"मुलगी."

"जा बाई, जा."

घरी सातेकीने, तिच्या नवऱ्याने, पहाटेपासून जमिनीतली भट्टी लावली होती. अळूच्या पानांत बांधलेलं मटण, टॅरोचे कंद, एक लहानसं डुक्कर. सातेकी चर्चच्या बांधकामांवर सुतारकाम करायचा. बोलणं कमी, हात चालू. घरात वरच्या जागी, सगळ्यात बारीक विणीच्या चटईवर, त्याची थोरली बहीण लोसालिने बसली होती. बहीण आत म्हणून सातेकी बाहेर, नीरफणसाखाली. भावाबहिणीने एका खोलीत बसू नये, ही रीत या घरात कुणी कधी मोडली नव्हती.

आणि लोसालिनेचा मानही कुणी मोडला नव्हता. भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा. लग्न असो, मयत असो, पहिला वाटा तिचा. तिने बोट दाखवावं, ती वस्तू तिची. आकोसिता हे जाणूनच मोठी झाली होती. म्हणून तर तिने विचार करकरून वन्संसाठी विजेवर चालणारं शिलाईचं मशीन आणलं होतं. एवढं दिलं की मन भरेल, असा तिचा हिशोब.

लोसालिनेने मशीनवरून हात फिरवला. "छान आहे गं. पण माझे डोळे आता कुठे शिवणाचे? सियालेला होईल. इथेच राहू दे." मग तिची नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे गेली. "ते काय?"

"लॅपटॉप, आत्या," सियाले म्हणाली. आवाज आधीच बारीक झाला होता.

"अगं बाई! आमच्या फिलिमोनेने महिनाभर डोकं खाल्लंय माझं याच्यासाठी. तंत्रशाळेत नाव घालायचं म्हणतो. बरं झालं, आणलास." तिने डबा स्वतःकडे ओढला नाही. नुसती बोलली. तेवढं पुरेसं होतं.

आकोसिताने दाराकडे पाहिलं. नीरफणसाखाली सातेकी मटणाच्या पुड्या सोडत होता. त्याने ऐकलं होतं. मान वर न करता तो म्हणाला, "ताईला हवा असेल तर ताईचाच आहे तो."

सियाले उठली, ताटं आणायला म्हणून मागच्या चुलीकडे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. संध्याकाळी लोसालिने निघाली तेव्हा डबा तिच्याबरोबर गेला.

फिलिमोने चौथ्या दिवशी आला. बावीस वर्षांचा दांडगा मुलगा, लोसालिनेचं शेंडेफळ. दारात उभा राहून डोकं खाजवत म्हणाला, "मामी, तो आकडा मागतोय. चार आकडे. काय आहे?"

आकोसिता टॅरो सोलत होती. सुरी थांबली नाही.

"आठवत नाही रे."

"असं कसं? तूच घातला असशील ना?"

"दुकानातल्या मुलीने घातला. मला सांगितला होता, पण सात महिन्यांच्या थकव्यात डोक्यात राहिलाच नाही."

"सियालेला माहीत असेल?"

"तिने तो डबा उघडलासुद्धा नव्हता," आकोसिता म्हणाली, आणि हे तरी खरं होतं.

तो गेला. सियाले आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, आईसमोर बसली.

"खरंच आठवत नाही?"

आकोसिता टॅरो सोलत राहिली. सियालेने तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेला टॅरो स्वतः सोलला.

पुढचे दिवस आकोसिताला कठीण गेले. ती चर्चमध्ये बायकांचा वर्ग घेणारी. रविवारी तिने उभं राहून प्रार्थना सांगितली तेव्हा जीभ जड झाली. शिवाय आकडा पाठच सोडेना. पाणी भरताना दोन-सात-एक-सहा, कपडे वाळत घालताना दोन-सात-एक-सहा. खरंच विसरता आला असता तर बरं, असं वाटायचं. तिकडे सियाले पुन्हा त्या फुटक्या फोनवर निबंध लिहीत होती. एकदा सगळा लिहिलेला मजकूर उडाला, तर ती रडली नाही, फक्त म्हणाली, "पुन्हा लिहिते." त्या दिवशी आकोसिताने नवऱ्याला गाठलं.

"तुला काहीच कसं वाटत नाही रे? पोटची पोर आहे तुझी."

सातेकी रंधा मारत होता. "वाटत नाही असं कुणी सांगितलं?"

"मग एक शब्द बोलायचास."

"कुणाला? ताईला?" त्याने रंधा खाली ठेवला. "आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, ताई पंधराची. वर्गात पहिली यायची ती. शाळा सोडली, चटया विणायला बसली. माझी फी, माझे बूट, माझी पहिली करवत, सगळं तिच्या चटयांतून आलंय. तिच्या बोटांकडे बघ एकदा. अन् तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तर मी नाही म्हणू?"

"तुझ्याकडे नाही मागितलं तिने. माझं घेतलं. माझ्याही बोटांकडे बघ की!"

त्याने बघितलं. मग पुन्हा रंधा उचलला.

दरम्यान फिलिमोने लॅपटॉप घेऊन शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल, आठवडा जाईल आणि पैसेही पडतील. फिलिमोनेने ते आईला सांगितलं. लोसालिनेने दुसऱ्या दिवशी सकाळी केवड्याच्या पातींचा भारा काखेत मारला आणि ती विणकामाच्या घरी गेली.

तिथे सातआठ बायका एका लांब चटईवर ओळीने बसल्या होत्या. एका थोर घरच्या लग्नासाठीची चटई, महिनाभराचं काम. आकोसिता नेहमीच्या जागी होती, शेजारी लिनेती. लोसालिने येऊन बरोबर समोर बसली.

"आकोसिता," लोसालिने मान वर न करता म्हणाली, "तो आकडा. खरंच विसरलीस?"

हात थांबले. लिनेती पटकन हसून म्हणाली, "अहो लोसालिने, किवी मोजून मोजून आमची सगळ्यांची डोकी रिकामी झालीत! मी तर विमानतळावर नवऱ्याचंच नाव विसरले होते. पाचजण उभे होते, म्हटलं यातला माझा कोणता?"

बायका हसल्या. लोसालिने हसली नाही. "मी हिला विचारतेय."

हिच्या जागी दुसरी कुणी असती तर "हो, विसरले" म्हणून मोकळी झाली असती. आकोसितानेही तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच. पण समोरची ती बोटं दिसत होती. सांधे सुजलेली, नखं पातींनी चिरलेली, तरी एक पट्टी इकडची तिकडे न होऊ देणारी.

"नाही विसरले, वन्सं," ती म्हणाली.

लोसालिनेने हातातली पात वीण पुरी होईपर्यंत विणली, टोक दाबून बसवलं, आपला भारा उचलला आणि ती निघून गेली.

त्याच दिवशी दुपारी फिलिमोने लॅपटॉप घेऊन आला. डबा एका स्वच्छ जुन्या चटईत गुंडाळलेला होता. तो आत आला नाही, पायरीवरच ठेवला.

"आईने पाठवलाय. म्हणाली..." तो अडखळला. "म्हणाली, कुलूप लावून दिलेली भेट मला नको."

सातेकी नेमका घरात होता. त्याचा चेहरा असा झाला, की आकोसिता घाबरली. बहिणीने भावाच्या घरची वस्तू परत पाठवावी, यापरती नाचक्की नाही. मयताच्या घरून आलेला वाटासुद्धा लोक परत करत नाहीत. तो ओरडला नाही. म्हणाला, "त्याला हात लावायचा नाही कुणी." आणि हत्यारांची पेटी उचलून कामावर निघून गेला. दुसऱ्या दिवशीही जेवला नाही.

"घे आता," आकोसिता लेकीला म्हणाली. "आलाय परत. आकडा सांगते."

"सांगू नकोस," सियाले म्हणाली. "गावभर झालंय, आई. मुली मला विचारतात, तुमच्या आत्याला हाकलून दिलंत म्हणे. असा नको मला. मी फोनवर लिहीन."

डबा तीन दिवस तिथेच पडून होता. चौथ्या दिवशी आकोसिताने कमरेला मोठी चटई गुंडाळली, मयताला जाताना गुंडाळतात तशी, डबा उचलला आणि भर दुपारी गावातून चालत नणंदेच्या घरी गेली. सुरूच्या झाडांवर वटवाघळं उलटी लटकून कलकलत होती. रस्त्यावरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. लोसालिनेच्या दारासमोर ती जमिनीवर बसली, डोकं खाली घालून. आत हालचाल झाली, पण बाहेर कुणी आलं नाही. ऊन मानेवर चढलं. एक कोंबडी येऊन तिच्या चटईच्या काठापाशी टोचून गेली.

तासाभराने लोसालिने बाहेर आली आणि पायरीवर बसली.

"ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"माझ्याशी नाही, माझ्या पोराशी बोललीस. माझ्याशी खरं बोललीस, तेही चारचौघींत. ते जास्त लागलं. तू त्या दिवशी तोंडावर नाही म्हणाली असतीस तर काय झालं असतं? चिडले असते. आठवडाभर तुझ्याकडे फिरकले नसते. मग आले असते. पण तू डबा जाऊ दिलास आणि आतून कडी लावलीस."

"नाही म्हणायची सोय होती का, वन्सं?"

लोसालिनेने समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"नव्हती," ती म्हणाली.

आकोसिताने डबा पुढे सरकवला. "दोन, सात, एक, सहा. शेडमधला माझा नंबर. सात महिने मला या नंबराने हाक मारत होते. विसरेन कशी?"

"नंबराने?"

"हो."

"नाव नव्हतं का त्यांना घेता येत?"

"आकोसिता म्हणायला वेळ लागतो म्हणे."

लोसालिनेच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. मग ती हलक्या आवाजात सांगू लागली. थोरला मुलगा सिडनीला गेला तो फक्त बापाच्या मयताला आला. मधला ब्रिस्बेनला, तो तेव्हाही आला नाही, पैसे पाठवले. "उरला हा. तो म्हणाला, यंत्र मिळालं तर इथेच शिकतो. तो खोटं बोलतोय हे मला कळत होतं गं. सिनेमे बघायचे होते त्याला. पण म्हटलं, सिनेमे बघत का होईना, घरात बसेल."

इतके दिवस आकोसिता जिच्याविरुद्ध मनातल्या मनात कडी लावून बसली होती, ती बाई ही नव्हती. आणि तरी लॅपटॉप सियालेचाच होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं तिला सोसत नव्हतं.

"डबा राहू दे इथे," लोसालिने शेवटी म्हणाली. "परत नेलास तर सातेकी मान वर करायचा नाही. उद्यापासून दुपारी सियालेला पाठव. तिचा अभ्यास आधी, मग फिलिमोनेचे सिनेमे. मी सांगते म्हणून सांग."

स्वतःच्या घामाची वस्तू, आणि ती वापरायची परवानगी मिळाली म्हणून आकोसिताने हात जोडून आभार मानले. घरी येऊन तिने सियालेला निरोप सांगितला.

सियाले आधी जाईना. बापाने सांगितलं म्हणून गेली, तोंड पाडून. पहिल्या आठवड्यात ती दिवेलागणीआधी परत यायची. मग उशीर होऊ लागला. आत्या जेवायला थांबवते म्हणाली. मग एकदा म्हणाली, "आई, तुला ठाऊक आहे, आत्याला गणित किती येतं? माझा एक अख्खा धडा तिने तोंडी सोडवला. चटईची वीण मोजून मोजून म्हणे." ती हसत होती. आकोसिताही हसली.

डिसेंबरात फिलिमोने गेलाच. ऑस्ट्रेलियात मांस कापायच्या कारखान्यात कुणीतरी जागा लावून दिली. विमानतळावर लोसालिने रडली नाही. घरी येऊन तिने भट्टीतलं सगळं अन्न शेजाऱ्यांत वाटून टाकलं आणि दोन दिवस दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी सियाले आपली उशी आणि कपड्यांची पिशवी घेऊन तिकडे गेली.

"थोडे दिवस," ती म्हणाली. "एकटी आहे ती."

लॅपटॉप आता घरी आणता आला असता. कुणी अडवलं नसतं. लोसालिने स्वतः म्हणाली, "घेऊन जा, माझा काय उपयोग?" पण सियालेनेच नेला नाही. तिकडे खिडकीपाशी सातेकीने तिला टेबल करून दिलं होतं. बहीण चर्चला गेली असताना जाऊन बसवून आला होता.

जानेवारीत निकाल लागला. आकोसिता मागच्या दारी कपडे पिळत होती. लिनेती कुंपणावरून ओरडली, "अगं, अभिनंदन! पोरीने नाव काढलं!"

"कशात?"

लिनेती गडबडली. "पास झाली ना ती. चांगल्या मार्कांनी. लोसालिने सकाळी दुकानात सगळ्यांना सांगत होती. तुला... तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं की," आकोसिता म्हणाली. आणि लगेच, आपण पुन्हा खोटं बोललो, हे तिच्या लक्षात आलं.

ती तशीच ओल्या हातांनी निघाली. लोसालिनेच्या दारात मायलेकी समोरासमोर आल्या. सियाले तिला सांगायलाच निघाली होती, पायात चपला होत्या, ओठांवर वाक्य तयार होतं. आईचा चेहरा बघून ते ओठांवरच राहिलं.

"आई, मी येतच होते. आत्या आधी उठली होती, स्क्रीनवर तिनेच पाहिलं, मग ती धावतच..."

"ठीक आहे." आकोसिताने तिच्या गालाला हात लावला. ओला हात होता, सियाले शहारली. "पास झालीस ना? झालं मग."

आतून लोसालिनेने हाक मारली. "आकोसिता, आत ये की. दारात का उभी? पोरीने केवढं केलं बघ!"

आकोसिता आत गेली. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि वर सियालेचं नाव होतं, त्या दुकानातल्या मुलीने घातलेलं. दुकानानंतर तिने तो आज पहिल्यांदाच चालू असलेला पाहिला. लोसालिनेने तिला आपल्या शेजारी बसवलं आणि मार्क वाचून दाखवू लागली, एकेक विषय, थांबून थांबून. आकोसिता ऐकत होती. मार्क खरंच चांगले होते.

"रविवारी जेवायला या," वाचून झाल्यावर आकोसिता म्हणाली. "दोघीही."

"येऊ," लोसालिने म्हणाली, आणि सियालेकडे वळून तिने विचारलं, "येऊ ना गं?"

सियालेने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि मान हलवली. रविवारी करायला अळूची पानं पुरतील का, हे बघायला आकोसिता उठून घरी निघाली.